ग्राहकांचे प्रश्न : चाकांवरचे घर गळू लागले तर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मोटरहोमबद्दलची, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोटारगाडीबद्दलची आहेत. तिन्ही पत्रलेखक वेगवेगळ्या देशांत राहतात. पण ‘हे आमच्याकडे येत नाही, त्यांना विचारा’ हे वाक्य पहिल्या दोघांच्या कानांवर पडून चुकले आहे आणि तिसऱ्यांना ते पुढे ऐकावे लागू नये, अशी इच्छा आहे. त्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी लेस्टरला राहतो, दोघेही निवृत्त आहोत. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही ६४,००० पौंडांना नवे मोटरहोम घेतले. २०,००० पौंड रोख दिले आणि उरलेले डीलरनेच लावून दिलेल्या हायर परचेसच्या (भाडे-खरेदीच्या) हप्त्यांवर आहेत. पहिल्याच महिन्यात कपाटाचे एक दार निखळले, ते त्यांनी लावून दिले. फेब्रुवारीत पावसात चार दिवस फिरून आल्यावर मागच्या पलंगाच्या डोक्याकडील भिंतीला अंगठ्याने दाबले तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. मार्चमध्ये गाडी डीलरकडे तीन आठवडे होती. त्यांनी बाहेरून सीलंट (फटी बुजवायचा लेप) भरून ती परत दिली. जूनमध्ये पुन्हा ओल आली आणि आता वासही येतो. डीलर म्हणतात, ‘हे काम कारखान्याचे आहे, तिथे नोव्हेंबरपर्यंत जागा नाही.’ कारखाना म्हणतो, ‘आमचा करार डीलरशी आहे.’ ३० दिवसांत गाडी परत करता येते असे वाचले होते; ते दिवस तर केव्हाच उलटले. आता आमच्या हाती काही उरले आहे का?

उत्तर : उरले आहे, आणि आपणास वाटते त्यापेक्षा बरेच जास्त उरले आहे. आधी दार कोणाचे ठोठवायचे ते ठरवू, कारण इतके महिने आपण चुकीच्या दारापुढे उभे आहात. ब्रिटनमध्ये ‘कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट, २०१५’ या कायद्याने मालाच्या दर्जाची जबाबदारी माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यावर टाकली आहे, कारखान्यावर नाही. कारखान्याची वॉरंटी ही त्यावरची वेगळी, ऐच्छिक सोय असते आणि तिच्या अटी कारखानाच ठरवतो. कारखान्यात जागा नाही हा डीलर आणि कारखाना यांच्यातला प्रश्न आहे. तो आपल्या गळ्यात बांधून घेण्याचे कारण नाही. शिवाय आपली खरेदी हायर परचेसची आहे. अशा व्यवहारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालक वित्तसंस्था असते आणि कायद्याच्या दृष्टीने गाडी आपणास पुरवणारीही तीच. आपण तिच्याकडे अजून तक्रारच केलेली दिसत नाही. मोटरहोमवाल्यांची ही नेहमीची चूक आहे : डीलरच्या काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो, हप्ता कापणाऱ्या संस्थेचा चेहरा दिसत नाही, म्हणून ती आठवतच नाही.

आता मुदतींविषयी. पहिल्या ३० दिवसांत दोषी माल थेट परत करून पूर्ण पैसे मागता येतात. तो हक्क गेला हे खरे आहे. त्यानंतर मात्र विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी मिळते, आणि ती दुरुस्ती फसली तर ग्राहकाला किमतीत सूट किंवा माल परत करून पैसे, यांपैकी एक मागता येते. आपणाकडे ती एक दुरुस्ती मार्चमध्ये होऊन जूनमध्ये फसली. ‘अजून एकदा पाहू द्या’ असे ते म्हणतील. त्याला होकार द्यायचा की नाही हे आपण ठरवायचे. दुसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे ती फेब्रुवारीची. ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष हा ताब्याच्या दिवशीच होता असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे सिद्ध करणे विक्रेत्याकडे येते. ओल चौथ्या महिन्यात दिसली, म्हणून फेब्रुवारीत केलेला ईमेल किंवा मार्चचे जॉब कार्ड (डीलरने केलेली दुरुस्तीची नोंद) हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे. तो नसेल, सगळे फोनवर झाले असेल, तर ‘मार्चमध्ये गाडी कोणत्या तक्रारीसाठी आणली होती त्याची नोंद पाठवा’ असा साधा ईमेल डीलरला आजच करावा. भांडणाचा सूर लागण्याआधी अशी माहिती सहज मिळते, नंतर फायली हरवू लागतात.

गाडी परत केल्यास वापरापोटी काही रक्कम कापली जाईल, हे मनाशी धरून चालावे. इतर वस्तूंच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांत अशी कपात करता येत नाही. मोटार वाहनाच्या बाबतीत करता येते, आणि मोटरहोम स्वतःच्या इंजिनावर चालते म्हणून ते मोटार वाहनच ठरते. (तिकडे जिला कॅरॅव्हॅन म्हणतात ती गाडीमागे ओढून न्यायची खोली यात येत नाही.) कपातीचा आकडा वाटाघाटीचा असतो, त्यासाठी आजचे किलोमीटर, किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणे मैल, फोटोसह टिपून ठेवावेत.

पण ‘ओल आहे’ एवढे म्हणून भागत नाही. ती कुठून आली हे सांगता आले पाहिजे. मोटरहोमची भिंत म्हणजे सँडविच असते : बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्या, आत प्लायचा तक्ता, आणि हे सारे गोंदाने चिकटवलेले. भिंत आणि छप्पर जिथे मिळतात त्या सांध्यावर मऊ मॅस्टिक (फट बुजवणारी चिकट लुकण) घालून वरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळतात. गाडी रस्त्यावर पिळली जाते, उन्हात प्रसरण पावते, थंडीत आकसते. कारखान्यात घाईने मॅस्टिक कमी पडले असेल किंवा एखादा स्क्रू लाकडाऐवजी नुसत्या फोममध्ये गेला असेल, तर त्या छिद्रातून पाणी शिरते आणि लाकडी पट्टीच्या आधाराने खाली उतरत भलत्याच ठिकाणी दिसते. आपल्या पलंगाच्या डोक्याशी दिसणारी ओल बहुधा छपराच्या कोपऱ्यातून किंवा मागच्या दिव्याच्या चौकटीतून आलेली असणार. बाहेरून सीलंटची रेघ ओढणे म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवण्यासारखे आहे. बरेचदा त्याने आत गेलेले पाणी आतच कोंडले जाते आणि लाकूड अधिक वेगाने कुजते. खऱ्या दुरुस्तीत पट्टी काढावी लागते, जुने मॅस्टिक खरवडावे लागते, कुजलेले लाकूड कापून नवे बसवावे लागते, आणि या सगळ्याच्या मध्ये भिंत पूर्ण वाळू द्यावी लागते. हे काम घाईचे नव्हे. म्हणून मार्चच्या तीन आठवड्यांत किती दिवस गाडी खरोखर उघडलेली होती आणि किती दिवस आवारात नुसती उभी होती, हे जॉब कार्डवरील मजुरीच्या तासांवरून पाहावे.

डीलरशी संबंध नसलेल्या अनुभवी तंत्रज्ञाकडून ओलीची तपासणी करून घ्यावी. गाडीच्या आराखड्यावर प्रत्येक ठिकाणचे ओलावामापकाचे आकडे मांडलेला लेखी अहवाल मागावा. ढोबळमानाने १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा चिंतेचा नसतो, २० च्या वर गेला की शोध घ्यावा लागतो आणि ३० च्या वर आतले लाकूड बिघडू लागले आहे असे समजतात. अहवालात ‘कारण बांधणीतले आहे की वापरातले’ या प्रश्नाचे उत्तर असलेच पाहिजे, कारण पुढची सगळी टोलवाटोलवी त्याच एका वाक्यावरून होणार आहे.

अहवाल हाती आला की वित्तसंस्थेला, आणि प्रत डीलरला, तारखांसह पत्र लिहावे : दोष केव्हा दिसला, दुरुस्ती केव्हा झाली, केव्हा फसली, आणि म्हणून २०१५ च्या कायद्याप्रमाणे आपण गाडी परत करण्याचा अंतिम हक्क वापरत आहात. ‘आम्ही फार नाराज आहोत’ या वाक्याला कायद्यात अर्थ नाही; ‘गाडी नाकारत आहोत’ या वाक्याला आहे. ते पाठवल्यावर सहलीला जाऊ नये. हप्ते मात्र थांबवू नयेत. रागाच्या भरात हप्ता थांबवला की मूळ वाद बाजूला पडून आपलीच पत खराब होते. वित्तसंस्थेने आठ आठवड्यांत समाधान केले नाही, किंवा त्याआधीच अंतिम नकार कळवला, तर फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या तिथल्या यंत्रणेकडे, जाता येते. तिथे ग्राहकाला शुल्क नाही. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते, एवढेच.

राहिला प्रश्न गाडी परत करावी की दुरुस्त करून घ्यावी हा. पत्रावरून आपला जीव या गाडीत अडकला आहे असे दिसते, तरीही माझे मत परत करण्याकडे झुकते. पहिल्या वर्षात भिंत भिजलेली गाडी पुढे विकताना प्रत्येक खरेदीदार ओलावामापक घेऊनच येईल. ठेवायचीच असेल तर पाणी शिरण्याविरुद्धच्या वॉरंटीची अट नीट वाचावी. दरवर्षी ठरलेल्या काळात राहत्या भागाची तपासणी करून शिक्का घेतला नाही तर ती बहुधा रद्द होते, आणि ऑक्टोबर जवळ येत आहे.

प्रश्न : मी नाशिकचा आहे. नोकरी सोडून पर्यटकांना कोकणात नेण्यासाठी एक कॅरॅव्हॅन (आपल्याकडे मोटरहोमलाच असे म्हणतात) तयार करून घेतली. गाडी १८ लाखांची, एका कंपनीच्या शोरूममधून. आतले काम ११ लाखांचे, गाड्यांची बांधणी करून देणाऱ्या एका बॉडी बिल्डरकडून. आठ महिन्यांत स्वयंपाकाच्या ओट्याखालची जमीन खचली आणि इन्व्हर्टरकडे जाणारी तार इतकी तापली की तिचे आवरण वितळले. सर्व्हिस सेंटर म्हणते, ‘बाहेरून वायरिंग केले, वॉरंटी गेली.’ बॉडी बिल्डर म्हणतो, ‘दोष मूळ गाडीच्या अल्टरनेटरचा (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) आहे.’ मी काय करावे?

उत्तर : प्रथम ती तार बॅटरीपासून सोडवून घ्यावी, बाकीचे मग. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असायला हवा. तार तापून आवरण वितळले तरी फ्यूज उडाला नाही, याचा अर्थ बहुधा तो बसवलेला नाही, चुकीचा बसवला आहे किंवा तार कमी जाडीची वापरली आहे. अल्टरनेटर खराब असला तरी नीट जोडलेली तार वितळण्याआधी फ्यूज उडतो. त्यामुळे बॉडी बिल्डरचे म्हणणे मला पटत नाही. तारेचा वितळलेला तुकडा फेकू नये. पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवावा आणि जोडणी आहे त्या स्थितीत फोटो काढावेत.

आपल्याकडे बिले दोन आहेत, म्हणजे करारही दोन आहेत. ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९’ नुसार विक्रेता आणि सेवा देणारा दोघांविरुद्ध तक्रार करता येते, उत्पादकावरही सदोष वस्तूची जबाबदारी येऊ शकते. कोणाचा दोष हे आपण घरी बसून ठरवण्याऐवजी दोघांनाही सामनेवाले (तक्रारीतले विरुद्ध पक्ष) करावे. एकमेकांकडे बोट दाखवण्याचे काम ते ग्राहक आयोगापुढे करतील. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्याने तक्रार जिल्हा आयोगात चालेल, आणि २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच, दाखल करता येईल. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, पण अशा तांत्रिक प्रकरणात असलेला बरा. आयोगाकडे तज्ज्ञामार्फत तपासणीची मागणी करता येते. त्याआधी दोघांना नोटीस द्यावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. काही व्यावसायिक तेवढ्याने जागे होतात.

आपल्या प्रकरणातली खरी कमकुवत बाजू वेगळी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. अपवाद आहे तो केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा. एकच गाडी, स्वतः चालवणारे आपण आणि दुसरे उत्पन्न नाही, असे असेल तर ते तक्रारीच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे आणि बँकेची नोंद जोडावी. पगारी चालक ठेवून दुसरी गाडी घेण्याचा विचार असेल तर दिवाणी न्यायालयाची तयारी ठेवावी.

आणखी एक पाहावे. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा प्रकार काय लिहिला आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल मालकाला करता येत नाहीत. आतले काम झाल्यावर ते आरटीओकडे नोंदवलेच नसेल, तर समोरची बाजू तेच पहिले हत्यार काढेल आणि उद्या आग लागली तर विमा कंपनीही काढेल. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याने ही जबाबदारी टळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात नवे मोटरहोम घेणार आहे. ‘तिथे लेमन लॉ (सदोष नव्या वाहनांविषयीचा कायदा) आहे, काळजी नको’ असे तो म्हणतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : अर्धेच. कॅलिफोर्नियातील त्या कायद्यातील नव्या वाहनाच्या व्याख्येत मोटरहोमची चासी (चाकांवरचा मूळ सांगाडा), चालकाचा भाग आणि चाकांना गती देणारी यंत्रणा येते. ज्या भागात माणसे राहतात तो भाग वगळलेला आहे. गळते छप्पर, निखळणारी कपाटे, न चालणारा फ्रिज यांच्यासाठी त्या व्याख्येचा आधार मिळत नाही आणि लेखी वॉरंटीच्या अटींवर भिस्त ठेवावी लागते. त्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात, विशेषतः दुरुस्तीसाठी गाडी नेण्याआणण्याचा खर्च कोणी करायचा ती ओळ. कारखाना तीन हजार किलोमीटर दूर असला तर तीच ओळ सर्वांत महाग पडते.

त्याला एवढे सांगावे की पूर्ण पैसे देण्याआधी एक रात्र डीलरच्या आवारातच त्या गाडीत झोपावे. पाण्याच्या टाक्या भरून नळ, शॉवर, गीझर, शेगडी, हीटर आणि फ्रिज सगळे चालवून पाहावे, छपरावर बागेच्या नळीने अर्धा तास पाणी सोडून प्रत्येक कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात हात फिरवावा, आणि जे सापडेल त्याची यादी डीलरच्या सहीने करून घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नये.