आजीचा राहून गेलेला बाप्तिस्मा

प्रिय बाळा,

तुझं पत्र रविवारी उपासनेहून आल्यावर वाचलं आणि दोनदा वाचलं. आजी प्रभूचं नाव घेत गेली, पण बाप्तिस्मा राहूनच गेला. मग तिचं तारण झालं का, हा तुझा प्रश्न. कुणीतरी तुला बायबलमधलं मार्क 16:16 दाखवून घाबरवलंय. ते वचन पुन्हा उघड. तारणाच्या वाक्यात विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही आहेत, पण दोषी कोण ठरतो? विश्वास न ठेवणारा. बाप्तिस्मा राहिलेल्याचं तिथं नावही नाही.

वधस्तंभावर शेजारी खिळलेल्या अपराध्याला पाणी कुठलं मिळणार होतं? प्रभूनं त्याला त्याच दिवशी सुखलोक दिला. इफिसकरांच्या पत्रात पौल सांगतो की तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे होतं. ते देवाचं दान आहे. कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक मानला आहे, पण घ्यायची मनापासून इच्छा असून ज्याला मरणानं गाठलं, त्याच्यासाठी तिथंही दार बंद नाही. आजीसाठी रड, पण या भीतीनं रडू नकोस.

मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘मग मी तरी घेऊ कशाला?’ हे मला पटत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य नावाच्या रोमी सैन्याधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला. प्रभूचा शिष्य पेत्र तेवढ्यावर थांबला नाही. यांना आत्मा मिळालाय, आता पाण्याला कोण आडवं येणार, असं विचारून त्यानं त्यांना बाप्तिस्मा देववला. तारण मिळालेल्या माणसाचा हा होकार आहे, चारचौघांत दिलेला. रोमकरांच्या सहाव्या अध्यायात पौल त्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालणं म्हणतो.

हा होकार स्वस्त नसतो. ज्यांनी पुढं आपल्या जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्या नारायण शेषाद्रींनी 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घरातला तरुण होता तो. धाकटा भाऊ श्रीपतही त्याच वाटेवर होता, पण कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. एका घराची अशी दोन टोकं झाली. नुसता विधी उरकायचा म्हणून कुणी एवढं सोसतं का?

बुडवून की शिंपडून, यावर भांडत बसू नकोस. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, ‘हौदच कोरडा असला तर?’ मी तिला दिदाखेमधला नियम सांगितला. मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं ते पुस्तक. वाहतं पाणी उत्तम, नसेल तर दुसरं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. किती मोकळा जीव वाटतो हे वाचताना! चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारताच्या मंडळीतही 1970 पासून बालकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत.

आजीच्या दुःखाच्या भरात मात्र घेऊ नकोस. शिमोन जादूगारानंही बाप्तिस्मा घेतला होता, तरी पेत्राला त्याचं अंतःकरण सरळ दिसलं नाही. आधी पाळकांशी बोल. आईवडिलांना स्वतः सांग, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नकोस. आणि शनिवारी इकडं ये, रोमकरांचा सहावा अध्याय आपण सोबत वाचू. आजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे तिचं बायबल घेऊन ये, त्यात तिनं खुणा केल्या असतील.

तुझा,
काका