पैसे घातले, पण फरक काही पडेना! ई-बाईकच्या ॲक्सेसरीजबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की इलेक्ट्रिक सायकल किंवा स्कूटरला नंतर बाहेरून काय काय बसवून घेतलंत आणि त्यातलं काय फसलं. इतके मेसेज आले की सगळे छापणं शक्यच नाही. पण निम्म्याहून जास्त तक्रारी फिरून फिरून बॅटरीपाशीच येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

प्रश्न : रिटायर झाल्यावर भाजी, बँक, नातीचा क्लास अशा कामांना लो-स्पीड स्कूटर घेतली, ती रजिस्ट्रेशन न लागणारी. चार लीड-ॲसिड बॅटऱ्या होत्या त्या बसल्या. दुकानदार म्हणाला लिथियम टाका, साठ किलोमीटर आरामात जाईल. टाकली. आता सपाटीला झकास पळते पण चढ लागला की एकदम बंद, किल्ली बंद करून परत चालू केली की चालते. आणि मीटर फुल्ल दाखवत असतो तोवर अचानक संपते. मला फसवलंय का?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : काका, फसवलंच असेल असं नाही म्हणणार मी, पण अर्धवट काम करून दिलंय हे नक्की. लिथियम पॅकच्या आत एक छोटा सर्किट बोर्ड असतो, बीएमएस म्हणतात त्याला, तो पॅकची राखण करतो. किती अँपियर करंट सोडायचा याची मर्यादा त्यालाच घातलेली असते. तुमच्या मोटरवर 250 वॅट लिहिलेलं असलं तरी तो सतत चालण्याचा आकडा झाला, चढाला कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो, 48 व्होल्टवर 25 अँपियर म्हणजे सरळ 1200 वॅट झाले. आणि दुकानदाराने स्वस्तातला 20 अँपियरचा बीएमएस असलेला पॅक दिला असेल तर तो बिचारा आपलं काम करतो आणि सप्लाय तोडतो. लीड-ॲसिडला असा कुणी राखणदार नव्हता, म्हणून ती जुनी झाली तरी कण्हत कुथत चढ चढायची.

मीटरचं कारण वेगळं आहे. तो मीटर म्हणजे साधा व्होल्टमीटर असतो, लीड-ॲसिडचा व्होल्टेज जसजसा उतरतो त्या हिशोबाने त्याचे काटे लावलेले असतात. तुमच्या पॅकमध्ये एलएफपी सेल असावेत, लिथियमचाच एक प्रकार आहे तो, त्यांचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत एका पातळीला राहतो आणि मग धाडकन पडतो. म्हणजे मीटर बिघडलेला नाहीये, त्याला ही बॅटरी कळतच नाही. पॅक ज्या कंपनीचा आहे तिचा चार्ज दाखवणारा वेगळा डिस्प्ले मिळत असेल तर तेवढा बसवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चार्जर कुठला वापरताय? जुनाच वापरत असाल तर आज रात्रीपासून थांबवा. लीड-ॲसिडचा 48 व्होल्टचा चार्जर 58-59 व्होल्टपर्यंत जातो. एनएमसी या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलचा 13 सिरीजचा, म्हणजे 13 सेल एकापुढे एक जोडलेला पॅक 54.6 व्होल्टला फुल होतो, एलएफपीचा 16 सिरीजचा 58.4 ला. तुमचा पॅक 13 वाला निघाला तर त्याला जुना चार्जर लावला की रोज रात्री तो बीएमएस एकटा ओव्हरचार्ज थोपवत बसणार, आणि ज्या दिवशी तो बोर्ड जाईल त्या दिवशी मध्ये कुणीच नसेल. घरात लहान मूल आहे म्हणून जरा जोर देऊन सांगतोय.

दुकानात जाऊन चार गोष्टी बिलावर लिहून मागा: सेल कुठले, किती अँपियर-अवर (म्हणजे बॅटरीची क्षमता), बीएमएसचा सतत करंट किती आणि चार्जर किती व्होल्टचा. साठ किलोमीटरचा हिशोब पण तिथेच लागेल. अशा स्कूटरला किलोमीटरला साधारण 20 ते 25 वॅट-अवर ऊर्जा लागते. 48 व्होल्ट गुणिले 20 अँपियर-अवर म्हणजे 960 वॅट-अवर, म्हणजे चाळीसेक किलोमीटर, ते पण बॅटरी नवी असताना. साठ जाण्याएवढं त्या डब्यात नाहीच. बाकी लिथियम टाकली हे वाईट केलं नाहीत, सत्तावीस-अठ्ठावीस किलोच्या जागी दहा किलोच्या आसपास वजन आलं असेल. तेव्हा पॅक परत करायच्या भानगडीत न पडता जास्त करंटचा बीएमएस आणि बरोबर चार्जर एवढंच त्यांच्याकडून करून घ्या. फक्त एक, बीएमएस बदलायच्या आधी सेल तेवढा करंट झेपवतात का ते बघायला सांगा, नाहीतर राखणदार मोठा आणि आतले सेल तापलेले असं व्हायचं.

प्रश्न : दादा मी जळगावला इंजिनिअरिंगला आहे, ई-सायकलने कॉलेजला जातो. 36 व्होल्ट 10 अँपियर-अवरची बॅटरी आहे. एका व्हिडिओत बघून कॅरिअरवर सोलर पॅनल बसवलं आणि मागच्या चाकाला डायनॅमो, म्हणजे चालता चालता चार्ज. महिना झाला, चार्जिंग पहिल्याएवढंच करावं लागतंय उलट सायकल जड वाटते.
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : डायनॅमो आधी काढ. मोटर बॅटरीतून वीज घेऊन चाक फिरवते, तेच चाक डायनॅमो फिरवतं आणि डायनॅमो बॅटरीला वीज परत देतो, पण प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी उष्णतेत जाते, म्हणून परत येते ती गेली त्यापेक्षा कमीच येणार. उरलेली कमतरता कोण भरून काढतं तर तुझे पाय, म्हणून सायकल जड लागतेय. तू इंजिनिअरिंगचा आहेस, तुला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मी काय सांगू. उतारावर ब्रेक लावताना वीज परत मिळवणारी सिस्टीम खरी असते पण ती मोटरमधूनच व्हावी लागते, आणि सायकलच्या गिअरवाल्या हब मोटरमध्ये (चाकाच्या मध्यभागी बसते ती) फ्रीव्हील क्लच असतो, चाक मोकळं फिरताना मोटर फिरतच नाही, त्यामुळे तुझ्या सायकलला तेही होणार नाही.

सोलरचं मात्र पूर्ण खोटं नाही, तिथे नुसता आकडा बघ. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं, पॅनल त्यातलं वीसेक टक्के घेतं. तुझ्या कॅरिअरवर 40 बाय 30 सेंटिमीटरचं पॅनल बसलं असेल तर जास्तीत जास्त 24 वॅट झाले. आडवं ठेवलेलं, धूळ बसलेलं, जळगावच्या उन्हात तापलेलं, म्हणजे निम्मं धर. पाच तास कडक ऊन मिळालं तर 60 वॅट-अवर, आणि तुझी बॅटरी 36 गुणिले 10 म्हणजे 360 वॅट-अवरची आहे. म्हणजे रोज पाच तास सायकल उन्हात उभी केलीस तर सहा दिवसांनी एकदा फुल. आणि त्या पाच तासांत बॅटरीही उन्हात तापते, तिचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच. घरी सॉकेटला लावलीस तर चार्जरची गळती धरून अर्धा युनिटसुद्धा लागत नाही, चार-पाच रुपयांचं काम. पॅनल काढून घराच्या गच्चीवर दक्षिणेकडे तिरकं लाव, 12 व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी बल्ब चालव, प्रोजेक्टलाही दाखवता येईल.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे, स्कूटरने जाऊन येऊन बारा किलोमीटर. पावसाळ्यासाठी महागातलं वॉटरप्रूफ कव्हर घेतलं, पूर्ण गाडी झाकणारं, शिवाय मुलाने हौसेने पुढे एलईडी पट्ट्या लावून दिल्या. दोन्ही असूनसुद्धा ऑगस्टमध्ये गाडी मध्येच एरर दाखवून बंद पडायला लागली. सर्व्हिसवाले म्हणतात कनेक्टरला गंज, वॉरंटीत बसत नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, कव्हर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तसं आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. भिजलेली गाडी शाळेतून आणून लगेच झाकली की रात्रभर आत वाफ धरते, आणि रत्नागिरीची हवा आधीच खारट. तांब्याच्या पिनांना हिरवं चढायला अजून काय पाहिजे? पावसाळ्यात छपराखाली उघडी उभी केलेली गाडी कव्हरमधल्या ओल्या गाडीपेक्षा चांगली राहते. छप्परच नसेल तर सीट आणि हँडल झाकेल असं अर्धं कव्हर घ्या, खालून वारा खेळला पाहिजे.

पट्ट्यांबद्दल मुलाला रागावू नका पण त्या काढा. असल्या पट्ट्या बहुतेक वेळा हेडलाईटच्या वायरची साल काढून, पीळ मारून, वर टेप गुंडाळून जोडतात. कोकणातल्या पावसात ती टेप एक महिना टिकत नाही, पाणी वायरच्या आतून केशनळीसारखं सरकत पार कनेक्टरपर्यंत पोचतं. वॉरंटीही तिथेच जाते कारण वायरिंग कापलेलं दिसतं. तिथली वायर एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नीट सोल्डर करून हीट-श्रिंक नळी (गरम केली की वायरवर आवळून बसते ती) चढवून घ्या. सगळे कनेक्टर उघडून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा, छोट्या ट्यूबमध्ये मिळतं, आणि कनेक्टरकडे जाणारी वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी बांधायला सांगा म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकून पडतं.

अजून एक, बॅटरीवर आयपी 67 हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलाय म्हणून कुणी प्रेशरने गाडी धुऊ देऊ नका. तो आकडा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडण्याचा आहे, पाईपच्या जोरदार फवाऱ्याचा नाही. ओल्या फडक्याने पुसलीत की झालं.

प्रश्न : पणजीत राहतो, ई-सायकल 250 वॅटची आहे. आल्तिनोचा चढ चढताना दम निघतो तिचा. मेकॅनिक म्हणतो 15 च्या जागी 25 अँपियरचा कंट्रोलर टाकू आणि स्पीडचं लिमिट पण काढू. एका मित्राने तसंच केलं, त्याची मोटर जळाली. मी करू की नको?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नको. मित्राच्या मोटरचं काय झालं ते सांगतो. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, 15 चे 25 केले की करंट पावणेदोन पटीच्याही आतच वाढतो पण उष्णता पावणेतीन पट. त्यात चढावर मोटर हळू फिरते, हळू फिरताना ती ताकद कमी आणि उष्णता जास्त बनवते, आणि गिअरवाल्या हबमधले नायलॉनचे गिअर आत बसून हे सगळं सोसतात. लिमिट काढल्याने तर चढाला काडीचाही फायदा नाही, चढावर तुम्ही ताशी 25 किलोमीटरच्या जवळपासही नसता.

कायद्याचंही ऐका. केंद्रीय मोटर वाहन नियम 1989 मध्ये जी सूट आहे ती मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल तरच. ती हद्द ओलांडली की तुमची सायकल मोटर वाहन होते, मग रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, लायसन्स सगळं लागणार, आणि उद्या कुणाला धक्का लागला तर तुमच्या बाजूने एक कागद नसेल.

तुम्ही आणि सायकल मिळून 100 किलो धरले तर आठ टक्के चढावर ताशी 10 किलोमीटरने जायलाच सव्वादोनशे वॅट नुसते वर उचलायला लागतात. म्हणजे मोटर तिच्या परीने पूर्ण काम करतेय, तुमच्या पायांचे शंभर वॅट त्यात पडले तर चढ सुसह्य होतो. त्यासाठी मागचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच बदला, 28 दात्यांच्या जागी 34 दात्यांचा मोठा, आधी डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढा पेलतो का ते बघून. कंट्रोलरपेक्षा खूप कमी पैशात होतं. आणि चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका.

प्रश्न : जेल सीट कव्हर आणि पंक्चर न होणारे भरीव टायर, दोन्ही घेतले, पाठ पहिल्यापेक्षा जास्त दुखते.
— डोंबिवली

उत्तर : भरीव टायरमध्ये हवा नाही म्हणजे खड्ड्याचा दणका थेट रिम, स्पोक आणि तुमच्या मणक्यात. ओल्या रस्त्यावर पकडही कमी. काढून टाका. आतून पंक्चरविरोधी पट्टा असलेला हवेचा टायर घ्या, जरा रुंद, आणि हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या खाली ठेवा. जेल कव्हर बसल्या बसल्या सरकतं आणि पावसात स्पंजासारखं पाणी पितं, त्यापेक्षा सीटची उंची आणि तिरकेपणा नीट लावून घ्या, फरक पहिल्या दिवशी कळेल.

प्रश्न : हँडलला लावलेल्या होल्डरमुळे मोबाईलचा कॅमेरा खराब होतो हे खरं का?

उत्तर : होऊ शकतो. ॲपलने 2021 मध्ये स्वतःच सांगितलं की मोटरसायकलच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. इलेक्ट्रिक स्कूटरची कंपनं कमी असतात पण तरीही कंपन शोषणारा होल्डर वापरा असं त्यांचं म्हणणं होतं. आपले रस्ते बघता, मॅप लागत नसेल तेव्हा फोन खिशातच बरा.

प्रश्न : दोन अँपियरच्या जागी पाच अँपियरचा फास्ट चार्जर ऑनलाईन मागवला. वेळ वाचला पण बॅटरी हाताला चटका बसेल एवढी तापते आणि सहा महिन्यांत रेंज उतरली. चार्जर खराब की बॅटरी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही चांगले असतील, जोडी चुकली. तुमची बॅटरी 36 व्होल्ट 7.8 अँपियर-अवरची आहे असं तुम्ही पुढे लिहिलंय, तिला पाच अँपियर म्हणजे क्षमतेच्या चौसष्ट टक्के वेगाने चार्जिंग. बरेचसे साधे सेल रोजच्या वापराला पन्नास टक्क्यांच्या आसपास खूश असतात. आणि त्यात नागपूर. लिथियम सेल चार्ज करायची वरची हद्द साधारण 45 अंश सांगितलेली असते, मे महिन्यात तुमच्याकडे दुपारी सावलीतली हवाच तिथे पोचते, बॅटरी राईड करून आलेली असते ती त्याहून गरम. तशीच लावली की प्रत्येक वेळी सेलचं थोडं थोडं नुकसान, ते परत भरून येत नाही.

जुना दोन अँपियरचा चार्जर परत काढा, फुल व्हायला चार तास लागतात, झोपेत निघून जातात म्हणू नका, त्यापेक्षा पहाटे लावा, हवा सगळ्यात थंड तेव्हाच असते आणि तुम्ही जागे असता. राईडवरून आल्यावर तासभर तरी बॅटरी फरशीवर ठेवून गार होऊ द्या, कुठे फुगलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका. आणि चार्जिंगची जागा बदला, तुम्ही लिहिलंय की जिन्याखाली दाराजवळ लावता. आग लागली तर घरातल्या सगळ्यांची बाहेर पडायची वाट तीच आहे. बाल्कनीत सावलीत, खाली फरशी, आजूबाजूला पडदा किंवा पुठ्ठा नको.