ड्युअल २ ओमचा सब आणि २ ओमचा अँप : हे लग्न लागत नाही

तुमची पोस्ट वाचली आणि जुना घोळ लगेच ओळखू आला. २०१९ ची स्विफ्ट, स्टिरिओ कंपनीचाच, डिकीत १२ इंची सब (सबवूफर, बेसचा मोठा स्पीकर), खोक्यावर '१४०० वॉट', मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) अँप २ ओमला ५०० वॉट आरएमएस (सतत मिळणारी ताकद). ओम म्हणजे विजेला होणारा विरोध. पहिल्या जोडणीत अँप प्रोटेक्टला गेला, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला. दुसऱ्या मेकॅनिकने वायर फिरवून दिल्यावर चालला, पण दम नाही. मग अँपवरचा गेन पूर्ण उघडला आणि जळका वास. या सगळ्याची सुरुवात एकाच दुखण्यापासून झाली.

तुमचा सब बहुतेक ड्युअल २ ओमचा आहे. आत कोन (पुढचा पडदा) हलवणारी तारेची दोन वेटोळी, म्हणजे दोन कॉइल, प्रत्येकी २ ओम. पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) १ ओम होतात, सिरीजमध्ये (एकीमागे एक) ४. तुम्हाला हवे असलेले २ ओम या सबमधून कुठल्याही जोडणीने निघणार नाहीत, मेकॅनिक बेळगावचा असो नाहीतर कोल्हापूरचा. १ ओमला अँप प्रोटेक्टला जाणारच, कारण तो २ ओमपर्यंतचाच आहे. २ ओमच्या अँपला ड्युअल ४ लागतो: पॅरलल केला की बरोबर २ ओम. खोक्यावर ठळक अक्षरात वॉट असतात आणि 'डी२', 'डी४' (ड्युअल २, ड्युअल ४) कुठेतरी कोपऱ्यात, म्हणून दुकानातच मल्टीमीटर लावायचा. वायर न जोडता एकेका कॉइलवर ३.२ ते ३.८ दाखवलं तर ४ ओम, १.६ ते १.९ दाखवलं तर २ ओम. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू द्या की.

आता गेन. सगळ्यात महाग चूक हीच, आणि मीसुद्धा ती पदरचे पैसे घालूनच शिकलोय. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अँप यांचा मेळ घालायला तो असतो. सिरीजमध्ये ४ ओमला तुमचा अँप ३०० वॉटच्या आसपास देत असेल. त्याच्यापलीकडे गेन उघडला की ताकद वाढत नाही, लाटेचे शेंडे छाटले जातात. अशा छाटलेल्या लाटेत कॉइलला उष्णता जास्त मिळते, पण कोन त्या मानाने हलत नाही, म्हणजे हवाही खेळत नाही. कॉइलवरचं वार्निश तापून जो वास येतो तोच तुम्हाला आला. आणि मग सर्व्हिस काउंटरवरचा माणूस सब उघडूनही न बघता, नाकाजवळ नेऊन 'बर्न्ट कॉइल, वॉरंटीत बसत नाही' असा शिक्का मारतो. चुकीचा सब कुणी गळ्यात मारला हे तो विचारत नाही. नाव घेत नाही, पण बिलावर सिरियल नंबर आणि 'ड्युअल ४ ओम' एवढं लिहून घेतलं असतं तर भांडायला तरी जागा राहिली असती.

गंमत अशी की ३०० आणि ५०० वॉटमधला फरक जेमतेम २.२ डेसिबल. कानाला कळतो न कळतो एवढाच. म्हणजे 'दम नाही' याचं कारण वॉट नव्हे, दुसरंच काहीतरी आहे. माझा संशय दोन गोष्टींवर. पहिली, सिरीज करताना एक कॉइल उलटी लागली असणार, म्हणजे एक पुढे ढकलते आणि दुसरी मागे ओढते. अँपची वायर काढा, दोन्ही कॉइल सुट्या करा आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल एकेका कॉइलला क्षणभर टेकवा. सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला लावल्यावर दोन्ही वेळा कोन बाहेर यायला हवा. मग एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडा, राहिलेली दोन टोकं अँपला. कोन हाताने सगळीकडून सारखा दाबून बघा. खरखर लागली तर कॉइल गेली, पुढचं सगळं सोडून द्या.

दुसरी गोष्ट डबा. १२ इंचीला सील्ड (पूर्ण बंद) डब्यात साधारण २८ लिटर निव्वळ लागतात, सब स्वतः ३ लिटर खातो. नेमका आकडा सबच्या कागदावर असतो, तोच खरा. समजा सुताराला ३६ × ३४ × २६ सेंटिमीटर सांगितलं. आतून धरलं तर जवळपास ३२ लिटर. त्याने तीच मापं बाहेरून धरली आणि १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरला, तर आत उरतात २२. दहा लिटर गेले लाकडात! असा डबा नुसता एका सुरात ठोकतो, खालचा बेस येतच नाही. माप नेहमी 'आतून' असं कागदावर लिहून द्या. पोर्टेड डबा (हवेसाठी तोंड, म्हणजे पोर्ट ठेवलेला) मला स्विफ्टमध्ये पटत नाही. ५५ लिटर निव्वळ, वर पोर्ट, लाकूड धरून ८० च्या पुढे जातो आणि तुमची डिकी आहे २६८ लिटरची. लग्नसराईत चार बॅगा कुठे ठेवणार? मिरवणुकीतल्या डीजेसारखा आवाज हवा असेल तर तुमची मर्जी.

खानापूर, जांबोटी, चोर्ला बाजूला पावसाळ्यात सारखं जाणं असेल तर साधा एमडीएफ खालून फुगतो. सगळ्या कडा वॉटरप्रूफ फेव्हिकॉलने सील करा किंवा वॉटरप्रूफ प्लायच घ्या. डबा पट्ट्याने बांधा. डिकीच्या तळाला लांब स्क्रू मारायचे नाहीत, खाली टाकी किंवा पाईप असू शकतात.

वायरिंग थोडक्यात: ५०० वॉटला ४५ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणून ४ गेजची अस्सल तांब्याची केबल, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. ६० चा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. बॉडी अर्थ रंग पूर्ण घासून, थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा कान) लावून. सीटबेल्टच्या बोल्टला नको.

गेन पुन्हा लावताना सब काढून ठेवा, बेस बूस्ट शून्य, स्टिरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन, आणि अँपच्या सबच्या टोकांवर मल्टीमीटर एसी व्होल्टला लावून गेन हळूहळू उघडा. ३०० वॉट, ४ ओम म्हणजे बाराशेचं वर्गमूळ, ३४ व्होल्टच्या जरा वर. माझं ऐकाल तर ३० वर थांबा, कारण कंपनीचा स्टिरिओ स्वतःच आधी फाटतो. लो पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ. मी इंजिनीअर नाही, अँपच्या पुस्तकात वेगळं असेल तर ते धरा.

नवा अँप इतक्यात घेऊ नका. मागे खडखड वाजली तर सबला दोष देण्याआधी केए-२२ च्या नंबरपाटीमागे फोमचा तुकडा चिकटवा आणि जॅक, पाना फडक्यात गुंडाळा. दोन्ही कॉइलचे मीटरवरचे आकडे आणि डब्याची आतली मापं कळवा, मग ड्युअल ४ बदलून घ्यायचा की आहे तोच ठेवायचा ते सांगता येईल.