बाबांचं कपाट आवरताना

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटातल्या जुन्या वस्तूंचं, नाण्यांचं, त्या होकायंत्राचं काय करायचं, असं विचारलंत. कपाट उघडलंत, अवघड काम तिथेच झालं. आता घाई नको.

पहिलं म्हणजे काहीही घासू नका. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुजरातेत जिथे जुनी जहाजं तोडतात त्या अलंगहून, मोडीत निघालेल्या जहाजावरचा पितळी कंदील बडोद्यापर्यंत मांडीवर धरून आणला होता. ते गेल्यावर मी तो चिंच लावून लख्ख केला. खाऱ्या हवेनं चढलेला तपकिरी रंग गेलाच, कडीवरचा त्यांच्या बोटांचा काळपट डागही गेला. आई बघत राहिली, बोलली काहीच नाही. सयाजीरावांच्या नाण्यांचंही तसंच. घासलं की किंमत उतरते. मऊ, कोरडं फडकं पुरे.

होकायंत्र हलत नसलं तरी उघडू नका, आत बहुधा द्रव असतो.

मग वस्तूगणिक फोटो, आणि आई-आत्यांना विचारून दोन ओळी: कुठून आणली, बरोबर कोण होतं, किती घासाघीस केली. हे याच महिन्यात करा.

वाटणी करताना एक लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू 1972च्या कायद्यामुळे परदेशी नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भावाला आधीच सांगा, नंतर रुसवे नकोत.

किंमत, दुरुस्ती पुढे बघू. आधी त्या होकायंत्राचा फोटो पाठवा.