जपानला मुलांना घेऊन जाताय? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७ चा. दोघांना कार्टून बघून बघून जपानचं वेड लागलंय. २०२६ च्या दिवाळीच्या सुट्टीत जायचं चाललंय. एका टूरवाल्याने दहा दिवसांत सात शहरं असा प्लॅन दिलाय. आम्हाला वाटतं मुलांना तिथली संस्कृती थोडी तरी कळावी, पण नुसती देवळं बघून पोरं कंटाळतील अशीही भीती वाटते. काय करू?

उत्तर : सात शहरांचा तो कागद आधी बाजूला ठेवा. रोज बॅगा भरा, रोज नवीन हॉटेल शोधा, यात मुलांची चिडचिड होते आणि त्यांच्या लक्षात राहतात फक्त स्टेशनं. माझ्या मते दोनच मुक्काम करा, पाच दिवस टोकियो, पाच दिवस क्योटो, आणि क्योटोहून नारा आणि हिमेजी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जाताना टोकियोला उतरायचं आणि परतीचं तिकीट ओसाकाहून काढायचं, म्हणजे विमानासाठी पुन्हा टोकियो गाठावं लागत नाही.

तारखा तुम्हाला फार छान मिळाल्यात. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, भाऊबीज आटोपून निघालात तर १५ नोव्हेंबरला टोकियोत असाल आणि त्या दिवशी तिथे शिची-गो-सान असतो, लहान मुलांचा सण. मुली तिसऱ्या आणि सातव्या वर्षी, मुलगे पाचव्या वर्षी (काही ठिकाणी तिसऱ्याही), छोटे छोटे किमोनो घालून आईबाबा, आजीआजोबांबरोबर देवळात येतात, मुलं धडधाकट वाढली म्हणून देवाचे आभार मानायला. हातात लांबट पिशवी असते, तिच्यावर करकोचा आणि कासव काढलेलं, आत लाल-पांढऱ्या लांब गोळ्या. २०२६ मध्ये १५ तारीख रविवारीच आहे, त्यामुळे हाराजुकूच्या मेजी श्राइनला सकाळी जाऊन नुसतं अंगणात उभं राहिलात तरी पुष्कळ बघायला मिळेल. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. पुढे क्योटोला पोहोचाल तेव्हा मेपलची पानं लाल व्हायला लागलेली असतील. गर्दी असते, पण २९ एप्रिल ते ५ मेच्या गोल्डन वीकमध्ये जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं, तेव्हा अख्खा जपानच सुट्टीवर निघालेला असतो.

आता कंटाळ्याचं. देवळांनी मुलं कंटाळतात हे खरं आहे, पण ज्यातलं थोडंफार त्यांना आधीच माहितीये तिथून सुरुवात केली तर पोरं स्वतःच प्रश्न विचारायला लागतात. आणि त्यासाठी नाशिकच्या मुलांकडे भरपूर काही आहे. निघायच्या आधी एका रविवारी पांडवलेण्यांवर, म्हणजे आपल्या बौद्ध लेण्यांवर, जाऊन या, सहज, डबा घेऊन. बुद्धाचा धर्म आपल्याकडून निघून चीन-कोरियामार्गे कसा तिकडे पोहोचला ते तिथेच बसून गोष्टीसारखं सांगा. मग नाराच्या तोदाई-जीमध्ये त्या पंधरा मीटर उंच बुद्धासमोर उभं केलंत की सांगायचं, सन ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे उघडायचा विधी झाला ना, तो ज्याने केला तो बोधिसेन नावाचा भिक्षू भारतातून गेलेला होता. डोळे रंगवायच्या ब्रशला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना मिळावं. मला स्वतःला ही गोष्ट इतकी आवडते की कुणीही नाराला निघालं की मी ती सांगतेच. त्याच देवळात एका जाडजूड लाकडी खांबाला तळाशी आरपार भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात, त्यातून सरपटत पलीकडे जायला पोरांची रांग असते, तुमचा सात वर्षांचा सहज जाईल. बाहेर हरणं मोकळी फिरतात, त्यांच्यासाठी खास बिस्किटं विकत मिळतात. बिस्किट दाखवून झुलवत ठेवलं तर मात्र हरणं कपडे ओढतात, चावतातही, तेव्हा द्यायचं ते पटकन द्यायचं.

टोकियोत असाकुसाचं सेन्सो-जी सगळेच करतात, करायलाच हवं. तिथे मुलांना ओमिकुजी काढू द्या. शंभर येन टाकायचे, धातूचा षटकोनी डबा खुळखुळ हलवायचा, बारक्या भोकातून एक काडी बाहेर येते, काडीवरचा आकडा बघून त्याच आकड्याचा छोटा लाकडी ड्रॉवर उघडायचा आणि आतली चिठ्ठी घ्यायची. भविष्य वाईट निघालं तर चिठ्ठी तिथल्याच दांडीला बांधून टाकायची, घरी न्यायची नाही. या देवळात वाईट चिठ्ठ्या बऱ्याच निघतात, तेव्हा रडारड होऊ नये म्हणून बांधायचं काम आधीच समजावून ठेवा, बांधण्यातच त्यांना मजा येते.

तिथून दहा मिनिटं चालत गेलं की मात्सुचियामा शोदेन लागतं, तिकडे पर्यटक फारसे वळत नाहीत, पण आपल्या मुलांना मी आवर्जून न्यायला सांगेन. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत, ती बंदच असते. आणि नैवेद्य कशाचा, तर मुळ्याचा! पांढरे जाडजूड मुळे लोक देवासमोर ठेवतात, देवळात जागोजागी मुळ्याची चिन्हं कोरलेली दिसतात. ती किती सापडतात ते मोजायला लावा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

हिमेजीचा किल्ला क्योटोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभराच्या आत येतो. १६०९ मध्ये पूर्ण झालेला, पांढराशुभ्र, आत सगळं लाकूड. तुमची मुलं रामशेज किल्ल्यावर गेली असतील तर उत्तम, कारण भिंतींमधल्या गोल, तिकोनी, चौकोनी जंग्या (आतून मारा करायची भोकं) ती लगेच ओळखतील आणि खालच्या शत्रूवर दगड टाकायला केलेल्या फटीही. आत बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात, जिने फार उभे आहेत, लहान्याला पुढे ठेवा आणि तुम्ही मागे राहा.

रोज एक तरी गोष्ट मुलांनी हाताने करावी असं बघा. असाकुसात नि क्योटोत ताइको ढोलाचे तासाभराचे क्लास असतात. आपल्याकडची पोरं गणपतीत ढोल ऐकत वाढलेली, कुणी पथकातही असतं, त्यांना काठी कशी धरायची, पाय कसे रोवायचे यातला फरक लगेच जाणवतो. टोकियोच्या काप्पाबाशीत हॉटेलांच्या शोकेसमधले खोटे पदार्थ बनवायला शिकवतात, मेणाची तेंपुरा (तिकडची भजी) स्वतः करून घरी आणता येते. कार्टूनवेड्यांसाठी कावासाकीला फुजिको एफ. फुजिओ म्युझियम आहे, डोरेमॉनवाल्याचं, पण तिकीट दारात मिळत नाही, तारीख-वेळ ठरवून आधीच काढावं लागतं. जवळपास दोरायाकी, डोरेमॉनचा आवडता गोड खाऊ, दिसलं तर घ्याच, आत पुरणासारखं गोड लाल चवळीचं सारण असतं, मुलांना टीव्हीवरचा खाऊ प्रत्यक्षात खाल्ल्याचं अप्रूप वाटतं.

बारीकसारीक सांगते. बूट चटकन निघणारे घ्या आणि मोजे धड असू द्या, कारण दिवसात कितीदा बूट काढाल गणती नाही. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतात, प्रत्येक मुलाच्या सॅकमध्ये त्याची त्याची कचऱ्याची पिशवी द्या. ट्रेनमध्ये मोबाईल सायलेंट, व्हिडिओ लावायचा तर इअरफोन. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून कुरिअरने थेट क्योटोच्या हॉटेलला पाठवता येतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोहोचतात, पोरांचा हात धरायला तुमचा हात मोकळा राहतो. सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून मगच न्या, स्युडोएफेड्रिन जास्त असलेली औषधं तिथे चालत नाहीत. ताजी फळंही नेता येत नाहीत, द्राक्षं घरीच राहू द्या. आणि व्हिसा, आपल्याला आता टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो, पण एअरपोर्टवर तो मोबाईलवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट धरत नाहीत, म्हणजे इंटरनेट चालू हवं.

प्रश्न : चार जणांसाठी सात दिवसांचा जेआर पास घ्यावा का? सगळे घ्याच म्हणतात. (गंगापूर रोड)

उत्तर : नका घेऊ. जपानच्या रेल्वेने हवं तितकं फिरायचा हा पास, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० केली. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन मोठ्या माणसाला साधारण २८ हजार येन पडतात, तेव्हा दोन-तीन शहरांत फिरणाऱ्याला सुटी तिकिटंच स्वस्त. ६ ते ११ वर्षांना अर्धं तिकीट, त्याखालच्यांना स्वतःची सीट नको असेल तर फुकट. टोकियोहून जाताना उजवीकडची ई सीट मागा, हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासात फुजी दिसतो.

प्रश्न : सोबत माझ्या सासूबाई आहेत, वय ६८, कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांचं जेवणाचं कसं करायचं? त्यांना घरीच ठेवा असं नातेवाईक म्हणताहेत. (पंचवटी)

उत्तर : घरी कशाला, घेऊन जा हो त्यांना! अडचण आहे ती माशाची, कारण सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, भाजीच्या रसातसुद्धा सुकवलेल्या माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, वरून दिसत नाही. 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगून भागत नाही, मासा नको, माशाचा दाशी नको, मांस नको, कांदा-लसूण नको असं जपानीत लिहिलेलं कार्ड सोबत ठेवा आणि दाखवा. एरवी हॉटेलातली किटली, घरचा उपमा-पोह्याचा इन्स्टंट मिक्स, थेपले, मेतकूट, याने दोन वेळा सहज निघतात. टोकियोत निशी-कासाईला भारतीय वस्ती मोठी आहे, वाण सामान नि डाळ-भात तिथे मिळतो.

पण एक रात्र कोयासानला नक्की काढा, सासूबाईंना ट्रिपमधलं तेच सगळ्यात आवडेल असं मला वाटतं. ओसाकाच्या नांबाहून ट्रेन आणि मग केबल कार, वर डोंगरावर पन्नासेक देवळांमध्ये राहायची सोय. ही जागा कूकाई या भिक्षूला सन ८१६ मध्ये मिळाली. जेवण शोजिन र्योरी, भिक्षूंचं शाकाहारी, पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य, रस्सा समुद्री शेवाळ आणि मशरूमचा, तिळाचं टोफू. तरी बुकिंग करतानाच एकदा लिहून विचारा. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच येतं. पहाटे मंत्रपठण असतं, काही देवळांत गोमा करतात, अग्नीत समिधा टाकत मंत्र म्हणायचे, म्हणजे होमच की हो, आजी नातवंडांना सांगतील काय चाललंय ते. झोपायला जमिनीवर गाद्या असतात, गुडघे दुखत असतील तर खुर्ची मिळेल का ते आधी विचारा, आणि नोव्हेंबरात वर चांगलीच थंडी असते, स्वेटर मोजे जास्तीचे घ्या.

प्रश्न : हिरोशिमाला मुलांना न्यावं का? एक ८ चा, एक १३ ची. घाबरतील ना? (नाशिकरोड)

उत्तर : मोठीला म्युझियम दाखवा, धाकट्याला नको. आत जळालेले कपडे, तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल, जखमी माणसांचे फोटो आहेत, आठ वर्षांच्या मुलाच्या मनावर ते फार येतं. तुमच्यापैकी एकाने मुलीबरोबर आत जावं आणि दुसऱ्याने धाकट्याला बाहेर बागेतल्या मुलांच्या स्मारकापाशी न्यावं. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, पुढे ल्युकेमिया झाला, हॉस्पिटलात ती कागदाचे करकोचे घडवत राहिली आणि १९५५ मध्ये बाराव्या वर्षी गेली. तिच्या वर्गमित्रांनी पैसे जमवायला सुरुवात केली, देशभरातून मदत आली आणि १९५८ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. आजही जगभरातली मुलं करकोचे घडवून तिथे आणून ठेवतात. तुमच्या दोघांनी सुट्टी लागायच्या आधी वर्गातल्या मित्रमैत्रिणींकडून करकोचे करून घ्यावेत, दोऱ्यात ओवून, वहीएवढ्या डब्यात नीट ठेवून न्यावेत आणि स्मारकाभोवतीच्या काचेच्या कपाटांत स्वतःच्या हाताने टांगावेत. म्युझियमहून आल्यावर मुलगी गप्प असेल तर लगेच पुढच्या ठिकाणी पळू नका, त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका, नदीकाठी बसा आणि ती विचारेल त्याची उत्तरं द्या.