मुलुंडहून बर्मिंगहॅम: पहिलं बाळंतपण आणि पाण्याचा टब

तू लिहिलंयस की अठरावा आठवडा चालू आहे, नवऱ्याची बर्मिंगहॅमची नोकरी पक्की झालीय, पंचविसाव्या आठवड्याच्या सुमाराला मुलुंड सोडणार आहात आणि बाळंतपण पाण्यात व्हावं अशी तुझी मनापासून इच्छा आहे. आई विचारतेय, ‘बाळ बुडलं तर?’ आणि सासूबाई म्हणतायत, पहिलं बाळंतपण आहे, माहेरीच होऊ दे. मी गिरगावात वाढले, २०१२ पासून इंग्लंडमध्ये आहे. दोन्ही मुली इथेच झाल्या. पहिलीच्या वेळी टबातून बाहेर यावं लागलं, धाकटी पाण्यात झाली. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तुझी झोप त्यानेच उडालेली दिसतेय. पोटात बाळ पाण्यातच असतं. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. बाहेर आल्यावर चेहऱ्याला हवा लागते, गारवा जाणवतो, नाळेचा पुरवठा थांबायला लागतो, आणि तेव्हा ते पहिला श्वास घेतं. पाणी अंगाइतकं कोमट असेल, बाळ पूर्ण पाण्याखाली जन्मलं आणि लगेच, सावकाश वर आणलं, तर निरोगी बाळ मधल्या काही क्षणांत श्वास घ्यायला जात नाही. म्हणून दोन नियम फार कडक पाळतात. पाण्याचं तापमान दर तासाला मोजतात आणि ते ३७.५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देत नाहीत. आणि डोकं एकदा पाण्याबाहेर येऊन त्याला हवा लागली, की ते परत पाण्यात जाऊ द्यायचं नाही. उरलेला जन्म पाण्याबाहेरच. गुदमरलेलं बाळ मात्र आतल्या आतच धाप घेऊ शकतं. त्यामुळे कळांच्या काळात दर पंधरा मिनिटांनी आणि जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी पाण्यात चालणाऱ्या डॉपलरने ठोके ऐकतात. ठोक्यांत जराही शंका आली की बाहेर. आईला हे असंच सांग. ‘काही होत नाही गं’ एवढ्यावर तिचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

आता पाण्याने मिळतं काय? माझी आजी सांगायची की चाळीतल्या बायका कळा सुरू झाल्या की न्हाणीत बसायच्या आणि कुणीतरी कमरेवर कढत पाण्याचे तांबे ओतत राहायचं. टबात तेच होतं, फक्त छातीपर्यंत आणि सलग. अंग हलकं होतं, गुडघ्यांवर, उकिडवं, कडेला रेलून, हवं तसं वळता येतं. पलंगावर कळ आली की आपण आखडतो. पाण्यात तेवढं आखडायला होत नाही. फ्रान्समधल्या पिथिव्हिएच्या सरकारी रुग्णालयात मिशेल ओदाँ यांनी सत्तरच्या दशकात टब ठेवला तो दुखणं कमी व्हावं म्हणूनच. पाण्यात जन्म हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. काही बायकांना बाहेर यावंसंच वाटेना. हे लक्षात ठेव, कारण टब मुळात कळा सोसायला आहे. मूल त्यात जन्मलं तर छानच.

पुराव्याचं म्हणशील, तर २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (आधीच्या वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित तपास) पंधरा चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. त्यात कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसणाऱ्या बायकांना एपिड्युरलची, म्हणजे कळांसाठी पाठीत देतात त्या भुलीची, गरज काहीशी कमी पडली आणि बाळांना जास्त अपाय झाल्याचं दिसलं नाही. २०२४ साली ब्रिटनमधल्या एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, २६ संस्थांमधल्या, कळांच्या वेळी टब वापरलेल्या ८७,०४० बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातल्या कमी जोखमीच्या बायकांमध्ये बाळ पाण्यात झालं की बाहेर, याने आईला खोलवर फाटण्याचा किंवा बाळाचा धोका वाढल्याचं आढळलं नाही. दुसरी बाजूही ऐक. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं की कळा पाण्यात काढा, जन्म मात्र पाण्याबाहेर होऊ द्या. पाण्यात नाळ ताणून तुटण्याची शक्यता असते. म्हणून बाळ वर घेताना घाई करत नाहीत, आणि तूही ओढून छातीशी घेऊ नकोस, बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफच्या हाताने येऊ दे. पाण्यात किती रक्त गेलं याचाही नेमका अंदाज येत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाई नाक मुरडतायत असं तू लिहिलंस, पण त्या मागासलेल्या आहेत असं समजू नकोस. मुंबईतलं शिक्षण आणि सराव डॉक्टरने केलेल्या प्रसूतीचा आहे. इथे साध्या बाळंतपणात डॉक्टर फिरकतही नाहीत, सगळं मिडवाइफ बघते. या मिडवाइफ म्हणजे गावची सुईण नव्हे. हा तीन वर्षांचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि नोंदणीकृत व्यवसाय आहे. सासूबाईंना एवढं सांगितलंस तरी निम्मी काळजी कमी होईल.

टब कुणाला मिळतो? साधारणपणे ३७ आठवडे पूर्ण, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, आणि रक्तदाब, साखर, वार यांची कुरबुर नाही, अशांना. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर असला की बहुतेक डॉक्टरांच्या लेबर वॉर्डकडे पाठवतात. पेथिडिनसारखं दुखणं कमी करायचं इंजेक्शन घेतलं तर दोन तास पाण्यात उतरता येत नाही, एपिड्युरल आणि टब एकत्र जमत नाही. तोंडाने ओढायचा गॅस मात्र पाण्यात बसून घेता येतो आणि तो मोठा आधार असतो. ४१ आठवडे झाले की इथे कळा सुरू करायचं औषध सुचवतात, आणि तशा कळांत सतत ठोके बघायचे असल्याने टब बहुधा हातचा जातो.

यात आपल्यासाठी कळीची गोष्ट म्हणजे साखर. दक्षिण आशियाई वंश हा इथे गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जोखमीत धरतात. त्यामुळे वजन कितीही नीट असलं तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तुला उपाशीपोटी ग्लुकोज चाचणी सांगतील. म्हणजे तू पोचलीस की लगेच. त्यात साखर वाढलेली आली तर टब कठीण होतो, म्हणून आत्तापासून रोज चाल. मुलुंडला संभाजी पार्क आहे ना जवळ, रोज सकाळी अर्धा तास. साबुदाणा आणि आंब्याच्या फोडी यांवर जरा हात आखड. हिमोग्लोबिनही तिथेच वर आण. ते कमी असेल तर मिडवाइफच्या, म्हणजे टबाच्या, विभागात घेताना विचार करतात.

मुंबईतून निघायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं काम फाइलचं. विसाव्या आठवड्याच्या आसपासचा व्यंगतपासणीचा स्कॅन तिथेच करून ये. इथे तो १८ ते २१ आठवड्यांत करतात आणि तू त्यानंतर पोचणार. रक्तगट, थॅलेसेमियाची तपासणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, थायरॉइड, सगळ्याच्या छापील प्रती घे. डॉक्टरीणबाईंकडून एक पानाचा इंग्रजी सारांश सहीशिक्क्यासह लिहून घे. आरएच निगेटिव्ह असशील तर ते लाल अक्षरांत. आकड्यांच्या एककांनी मी फार गोंधळले होते, तेवढं टाळ: आपलं हिमोग्लोबिन ११.२ असतं ते इथे ११२ म्हणतात, आणि आपली १४० साखर इथे ७.८ होते, म्हणजे आपला आकडा भागिले अठरा. फाइल चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस. विमानाचं म्हणशील तर बऱ्याच कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. तू त्याआधी निघतेयस, तरी पत्र जवळ असू दे, पायात घट्ट मोजे घाल आणि दर तासाला उठून फेरी मार.

पैशांचं थोडक्यात. नवऱ्याबरोबर आश्रित म्हणून व्हिसा घेताना आरोग्य अधिभार भरावा लागतो, प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड. तो भरला की बाळंतपणाचं बिल येत नाही. पण ‘आधी व्हिजिटर व्हिसावर जाऊ, मग बघू’ असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नकोस. त्या व्हिसावर प्रसूतीचं बिल एनएचएसच्या दराच्या दीडपट लागतं. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाल, आणि ती नोंदणी व्हायची वाट न बघता रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून प्रसूती विभागाचा फॉर्म स्वतः भर. इथल्या बायकांची पहिली भेट दहाव्या आठवड्यापर्यंत होते, तू पंचविसाव्याला उगवणार. फॉर्मवर ‘परदेशातून आले, इतके आठवडे’ हे पहिल्या ओळीत लिही. मिडवाइफ भेटली की टबाचं त्याच दिवशी काढ: विभागात टब किती, ते कधी रिकामे नसतात, पाण्यातल्या जन्माची सवय असलेल्या मिडवाइफ रात्रीही असतात का. टब आधी राखून ठेवत नाहीत. जी आधी येते तिला मिळतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीच्या वेळी मी कळा मोजत पहाटे दोनला पोचले तेव्हा टबात दुसरी बाई होती. तीन तास शॉवरखाली बसून काढले, नवरा कमरेवर पाणी सोडत होता, आणि खरं सांगते, तेही चांगलं चाललं होतं. मग टब मिळाला. पाण्यात शिरल्यावर पहिल्या कळेला जे सुटल्यासारखं झालं ते अजून अंगात आहे. चार तास मी आत होते. मग बाळाचे ठोके कळ गेल्यावरही खाली राहायला लागले आणि मिडवाइफ म्हणाली, बाहेर यायचं, आत्ता. मी रडले. तिला म्हटलं, अजून दोन कळा. तिने हात पुढे केला आणि तो मागे घेतला नाही. वीस मिनिटांनी लेबर वॉर्डच्या पलंगावर मुलगी झाली, नाळ गळ्याभोवती होती, मिनिटभर निपचित आणि मग जोरात रडली. मला मात्र वर्षभर वाटत राहिलं की माझ्याकडून काहीतरी अर्धं राहिलं. आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, ‘पोर हातात आहे ना तुझ्या?’ तेव्हा मला ते कळत नव्हतं.

पुढे कळलं की हे अगदी सर्रास होतं. इंग्लंडमधल्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात, रुग्णालयाशेजारच्या मिडवाइफ विभागात बाळंतपणाला गेलेल्या पहिलटकरणींपैकी ४० टक्के बायकांना कधी ना कधी डॉक्टरांकडे हलवावं लागलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हेच प्रमाण १३ टक्के. म्हणून तुझ्या बर्थ प्लॅनमध्ये, म्हणजे बाळंतपण कसं हवं ते आधी लिहून द्यायच्या कागदात, टबासाठी एक परिच्छेद लिहिणार असशील तर बाहेर आल्यानंतरच्या गोष्टींसाठी दोन लिही: एपिड्युरल हवं का, उभ्याने किंवा गुडघ्यांवर राहू देतील का, नाळ थोडं थांबून कापायची का, बाळ लगेच छातीवर हवं का. यातलं बरंचसं पलंगावरही मिळतं. घरी टब भाड्याने आणायचा विचार पहिल्या खेपेला तरी सोड. त्याच अभ्यासात पहिलटकरणींच्या घरच्या प्रसूतीत बाळांना धोका थोडा जास्त आढळला, आणि तू नव्या गावात नवीन. वार पाण्यात पडू देतात, पण रक्तस्राव थांबायचं इंजेक्शन घ्यायचं तर बाहेर यावं लागतं. मी दोन्ही वेळा घेतलं. आपल्याकडे हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं, तूही घे असंच मी म्हणेन.

राहिला माहेरचा प्रश्न. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते बाळंतपणानंतरच्या दिवसांबद्दल. सगळं सुरळीत झालं तर इथे सहा तासांतही घरी सोडतात. मग मिडवाइफ घरी येते, पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेते, पण तुला गरम वरणभात कुणी वाढत नाही. मालिशवाली नाही, शेक-शेगडी नाही. म्हणून आईच्या व्हिसाची कागदपत्रं आत्ताच जमवायला घ्या. सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि पस्तिसाव्या आठवड्याला ती तुझ्याजवळ असावी. अळीव, डिंक, खारीक घरून आणायला सांग, लाडू इथे वळता येतील. कळांच्या वेळी खोलीत बहुतेक ठिकाणी दोन माणसांना राहू देतात, तेव्हा नवऱ्याबरोबर तीही आत येऊ शकेल. टब मिळाला तर काठाशी बसेल. नाही मिळाला तर शॉवर आहेच, आणि पाणी ओतायला तिचा हात.

व्यंगतपासणीचा रिपोर्ट आला की त्यात वार कुठे आहे ते लिहिलेलं असेल. खाली सरकलेली असली तर मला कळव, तेव्हा टबाचं सगळं पुन्हा बोलावं लागेल.