टाउन हॉल मुळात ग्रंथालयासाठी बांधला होता का?

आपला प्रश्न असा आहे की, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ज्या टाउन हॉलमध्ये आहे, तो ग्रंथालयासाठीच बांधला होता का आणि तो सोसायटीच्या मालकीचा आहे का. गेली अनेक वर्षे मी तिथे वाचायला जातो, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. इमारतीच्या कल्पनेत ग्रंथालय पहिल्यापासून होते. मालकी मात्र शासनाची आहे.

मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी 26 नोव्हेंबर 1804 रोजी परळच्या गव्हर्नरनिवासात काही मंडळींना जमवून ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’, म्हणजेच आजची एशियाटिक सोसायटी, स्थापन केली. डॉक्टर मंडळींनी 1789 मध्ये सुरू केलेला एक ग्रंथसंग्रह पुढे तिच्याकडे आला आणि पुस्तके वाढली, पण त्यांना शोभेलशी जागा नव्हती. म्हणून 1811 मध्ये मॅकिंटॉश यांनीच एका भव्य सार्वजनिक वास्तूची कल्पना मांडली. पैसा उभा करण्यासाठी लॉटरी काढण्यात आली. आज हे विचित्र वाटेल, पण त्या काळी सार्वजनिक कामांसाठी हा रूढ मार्ग होता. लॉटरीचा पैसा मात्र पुरला नाही. काम 1821 च्या सुमारास सुरू झाले, मध्ये थांबत राहिले, आणि ज्यांनी आराखडा केला ते कर्नल थॉमस कूपर इमारत पुरी होण्याआधीच वारले. अखेर उरलेला खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या बदल्यात कचेऱ्यांसाठी जागा घेतली. अशा रीतीने 1833 मध्ये इमारत पूर्ण झाली. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या देवघेवीतच आहे. याच वास्तूत मुद्रांक कार्यालयही राहिले आहे, आणि स्टॅम्पच्या कामासाठी तिथे गेलेल्या कित्येकांना वर लाखभर ग्रंथ आहेत याची कल्पनाही नसते.

दरम्यान 1830 च्या सुमारास ही संस्था लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. सुरुवातीला ती केवळ युरोपियनांची होती. माणेकजी करसेटजी यांना 1840 मध्ये सभासदत्व मिळाले तेव्हा ते दार एतद्देशीयांसाठी उघडले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड, पंडित भगवानलाल इंद्रजी, म. म. पां. वा. काणे अशा विद्वानांनी तिथे काम केले. भगवानलालांनी 1882 मध्ये नालासोपाऱ्याच्या स्तूपात जी दगडी पेटी शोधली, ती तिच्यातील करंडक आणि बुद्धमूर्तींसह सोसायटीच्याच संग्रहात आली. वसई-विरारकडच्या वाचकांना हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

बाहेरून पाहिले तर ग्रीक धर्तीचे आठ डोरिक खांब आणि तीस पायऱ्या. कंपनीऐवजी ब्रिटिश राणीचे राज्य सुरू झाल्याचा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858 रोजी मुंबईत वाचला गेला तो याच पायऱ्यांवरून. आत एल्फिन्स्टन, माल्कम या गव्हर्नरांच्या संगमरवरी पुतळ्यांबरोबर जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा आहे, आणि त्याच्यासमोर मी दर वेळी क्षणभर थांबतो. वाचनालयात चिठ्ठी भरून दिली की पुस्तक टेबलावर येते. एकदा एकोणिसाव्या शतकातील वर्तमानपत्राचा बांधीव खंड मागवला होता. पान उलटताना कडा भुग्यासारखी सुटून टेबलावर पडली. शेजारच्या कर्मचाऱ्याने काही न बोलता खंडाखाली उशी सरकवली आणि दोन्ही तळहातांवर पान तोलून कसे उलटायचे ते दाखवले.

समुद्राची दमट हवा आणि जुना कागद यांचे जमत नाही. म्हणून इमारतीची डागडुजी आणि ग्रंथांचे जतन ही दोन वेगळी कामे असूनही एकमेकांत गुंतलेली आहेत. छपराला गळती लागली तर आधी पुस्तके भिजतात, आणि छप्पर दुरुस्त करायचे तर वास्तू वारसा यादीतील व मालकी शासनाची असल्याने परवानग्या आल्या. 1833 पूर्वी झालेला तो व्यवहार सोसायटीला आजही असा पदोपदी भेटतो.